रात्रीचा तास सत्तर मिनिटांचा

केंद्र सरकारच्या हिशेबात रात्रीचा तास सत्तर मिनिटांचा असतो. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत केलेल्या कामाच्या प्रत्येक तासामागे दहा मिनिटं वाढवून धरायची आणि त्यावर रात्रपाळी भत्ता काढायचा, असा हा नियम. भुसावळ तालुक्यातल्या वरणगावात तो तोंडपाठ असलेली माणसं गल्लोगल्ली भेटतील, कारण इथे १९६४ पासून आयुध निर्माणी आहे आणि जवळच भुसावळचं रेल्वे जंक्शन. १३ जुलै २०२० च्या आदेशाने या भत्त्याला मूळ वेतनाची ४३,६०० रुपयांची मर्यादा घातली, तेव्हा रेल्वेच्या कामगार संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला. भत्ता किती असावा हा वाद वेगळा. पण रात्री जागणाऱ्याचं काहीतरी जास्त खर्च होतं, एवढं तरी सरकारने कागदावर मान्य केलेलं आहे.

निर्माणीचं कुंपण संपलं की शिवार सुरू होतं. केळी, कापूस, हरभरा. तिथे रात्रीचा तास साठ मिनिटांचाच असतो. खरं तर तो कुणी मोजतच नाही.

या भागात माणूस आपल्या झोपेची वेळ स्वतः ठरवतो असं म्हणणं धाडसाचं आहे. ती ठरवते निर्माणीतली पाळी, दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रातलं ड्यूटीचं पत्रक, रेल्वेच्या लॉबीतून ड्यूटीवर बोलावणारा कॉल, शाळेची घंटा आणि महावितरणच्या फीडरचं वेळापत्रक. दीपनगरला ५०० मेगावॅटचे दोन मोठे संच आहेत. राज्यातले दिवे लागावेत म्हणून तिथे चोवीस तास माणसं जागी असतात. आणि त्याच विजेची वाट पाहत, केंद्राच्या चिमण्यांवरच्या दिव्यांच्या टप्प्यातला शेतकरी मध्यरात्री मोटार चालू करायला उठतो. मात्र झोपेवर वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत जे जे छापून येतं ते सगळं एकट्यादुकट्या माणसाला उद्देशून: लवकर निजा, लवकर उठा, मोबाइल उशापासून दूर ठेवा, रात्री चहा नको. यातलं काहीच खोटं नाही. फक्त ज्यांच्या हातात वेळापत्रक आहे त्यांना हे कधी कुणी सांगत नाही.

सांगायला हवं, कारण शरीरातलं घड्याळ ही आता कल्पना राहिलेली नाही. १७२९ साली द मेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूच्या जातीचं झाड अंधाऱ्या जागी ठेवून पाहिलं. ऊन नसतानाही त्याची पानं दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली. माणसाच्या बाबतीत तोच प्रयोग १९६२ मध्ये मिशेल सिफ्र या तरुण भूगर्भशास्त्रज्ञाने स्वतःवर केला. घड्याळ न घेता तो आल्प्समधल्या एका गुहेत दोन महिने राहिला. सप्टेंबरच्या मध्यावर त्याला बाहेर बोलावलं, तेव्हा त्याच्या हिशेबाने ऑगस्टची वीस तारीख होती. दिवसांची मोजणी चुकली, पण झोप-जागेचं चक्र मात्र जवळपास चोवीस तासांवर टिकून होतं. हे चक्र चालवणारी जनुकं आणि प्रथिनं उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं.

हे घड्याळ बहुतेकांत चोवीस तासांहून किंचित लांब असतं. हार्वर्डच्या चार्ल्स झाइस्लर यांच्या गटाने १९९९ मध्ये ते सरासरी २४ तास ११ मिनिटांचं भरतं असं दाखवलं. म्हणजे रोज थोडं मागे पडणारं घड्याळ. ते रोज कुणीतरी जुळवून द्यावं लागतं. ते काम उजेड करतो. डोळ्यात पाहण्यासाठीच्या पेशींखेरीज फक्त उजेडाची मोजदाद ठेवणाऱ्या वेगळ्या पेशी असतात, हे डेव्हिड बर्सन यांनी २००२ मध्ये दाखवून दिलं. त्या चित्र पाहत नाहीत. दिवस आहे की रात्र, एवढंच मेंदूला कळवतात.

आणि त्यांना लागणारा उजेड घरात नसतो. मेच्या दुपारी खानदेशात उघड्यावर एक लाख लक्सच्या घरात प्रकाश असतो. ढगाळ दिवशीही तो हजारोंत मोजावा लागतो. ट्यूबलाइट लावलेल्या खोलीत तो दोन-तीनशेवर येतो. डोळा या फरकाशी इतका पटकन जुळवून घेतो, की खोली आपल्याला लख्ख वाटते; घड्याळाच्या पेशींच्या लेखी मात्र ती संधिप्रकाशात असते. २०२२ मध्ये या विषयातल्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन काही आकडे सुचवले. त्यांनी वापरलेलं माप लक्सहून थोडं वेगळं, या पेशींना किती उजेड जाणवतो त्याचं आहे: दिवसभर डोळ्यापाशी किमान २५०, झोपण्याआधीचे तीन तास १० पेक्षा कमी, आणि झोपेत १ पेक्षा जास्त नको. आपला सर्वसाधारण दिवस बरोबर उलटा असतो. दिवसा बंद खोलीत अर्धा अंधार आणि रात्री डोक्यावर पांढरा एलईडी.

अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये केनेथ राइट यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग तर अगदी घरगुती वाटावा असा आहे. आठ माणसांना आठवडाभर डोंगरात तंबू ठोकून राहायला पाठवलं. दिवे नाहीत, फोन नाहीत, रात्री फक्त शेकोटी. आठवड्याने पाहिलं तर मेलाटोनिन, म्हणजे शरीराला रात्र झाल्याचं सांगणारं संप्रेरक, सुमारे दोन तास आधी स्रवू लागलं होतं. स्वतःला निशाचर समजणारी माणसंही पुष्कळशी इतरांसारखी झाली. खानदेशात मळ्यात राहणाऱ्या जुन्या पिढीला या प्रयोगाचं फारसं नवल वाटणार नाही. पहाटे घरोटावर दळायला बसणाऱ्या बाईचं आणि दिवस उगवायच्या आत औत जुंपणाऱ्या गड्याचं घड्याळ सूर्यच लावून द्यायचा. त्या काळाबद्दल फार हळवं होण्याचं कारण नाही. दोन पायली दळण दळून येणारी झोप ही आरोग्यापेक्षा थकव्याची होती. पण उजेड आणि वेळ या दोन गोष्टी तेव्हा आपोआप सांभाळल्या जायच्या.

दुसरी गोष्ट वेळेची. किती तास झोपलात यापेक्षा रोज त्याच वेळी झोपलात का, हा प्रश्न कदाचित जास्त मोलाचा आहे. ब्रिटनमध्ये ६० हजारांहून अधिक लोकांच्या मनगटावरच्या यंत्रांतून मिळालेल्या नोंदी तपासल्यावर असं आढळलं, की झोपेचा नियमितपणा हा तासांच्या संख्येपेक्षा मृत्यूच्या धोक्याचा अधिक चांगला अंदाज देतो. असा संबंध म्हणजे थेट कारण नव्हे; आजारी माणसाची झोप आधीच विस्कटलेली असते. तरीही रविवारी दहापर्यंत लोळून आठवड्याची झोप भरून काढणाऱ्यांनी याची दखल घ्यावी.

घड्याळ बाहेरून लादलं जाण्याची या भागाला जुनी सवय आहे. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली, त्याआधी रेल्वे मद्रासच्या वेळेने चालायची. म्हणजे भुसावळ स्टेशनात मद्रासचे वाजायचे आणि स्टेशनाबाहेर गावाचे. आजची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशाची आहे. वरणगाव त्याच्या साडेसहा अंश पश्चिमेला. त्यामुळे इथला सूर्य घड्याळाच्या पंचवीसेक मिनिटं मागे चालतो आणि सूर्य डोक्यावर यायला जवळपास साडेबारा वाजतात. जूनमध्ये पावणेसहाच्या आसपास उजाडतं, पण जानेवारीत सूर्योदयालाच सात वाजतात. सातला शाळा भरणार असेल तर मूल अंधारात उठतं, अंधारात आंघोळ करतं आणि अर्ध्या झोपेत रिक्षात बसतं.

याची किंमत अर्थशास्त्रज्ञ मौलिक जगनानी यांनी मोजून पाहिली आहे. एकाच प्रमाणवेळेमुळे देशाच्या पश्चिमेला सूर्य उशिरा मावळतो, मुलं उशिरा झोपतात, शाळा मात्र आपल्या वेळेला भरते. सूर्यास्त एक तास उशिरा झाला तर मुलांची झोप सुमारे अर्ध्या तासाने घटते आणि त्याचा परिणाम शिक्षणाच्या वर्षांवरही दिसतो, असा त्यांचा निष्कर्ष. गरीब घरांत तो अधिक. तिथे पंखा, काळोख, शांतता यांतलं काहीच विकत घेता येत नाही.

महाराष्ट्राने यावर एक पाऊल टाकलं, हे मान्य करायला हवं. डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या झोपेसाठी शाळांच्या वेळा बदलण्याची सूचना केली आणि ८ फेब्रुवारी २०२४ ला शासन निर्णय निघाला: चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. स्कूलबसवाल्यांनी कुरकूर केली, दोन सत्रांत चालणाऱ्या शाळांची पंचाईत झाली, नोकरी करणारे आईबाप वैतागले. तरी झोप हा विषय शासन निर्णयात आला, हेच मोठं.

पण यात एक उलटापालट आहे आणि ती कुणीच फारशी बोलून दाखवली नाही. सात-आठ वर्षांचं मूल मुळात लवकर झोपतं आणि लवकर उठतं. ज्याचं घड्याळ निसर्गतःच उशिराकडे सरकतं तो तेरा ते एकोणीस वयाचा. त्याला रात्री अकराच्या आत झोप येत नाही, यात आळस किंवा मोबाइलचं वेड एवढंच नसतं. वयात येताना मेलाटोनिनच उशिरा स्रवू लागतं. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०२२ पासून कायदा लागू केला तो याच मुलांसाठी: मिडल स्कूल आठच्या आधी नाही, हायस्कूल साडेआठच्या आधी नाही. आपल्याकडे चौथीच्या मुलाला सवलत आणि दहावीच्या मुलाला सकाळी सहाचा क्लास. जळगाव-भुसावळच्या कोणत्याही क्लासच्या गल्लीत जानेवारीच्या अंधारात उभं राहिलं, की स्वेटर घालून जांभया देत सायकली लावणारी मुलं दिसतात. त्यांना काय शिकवलं यापेक्षा कधी शिकवलं, हा प्रश्न पालक विचारतील तर बरं.

पाळीच्या कामगाराचं गणित आणखी वेगळं आहे आणि इथे सर्रास दिला जाणारा ‘सकाळचं कोवळं ऊन घ्या’ हा सल्ला चक्क उलटा पडू शकतो. रात्रपाळी करून सहा-सातला घरी निघालेल्या माणसाच्या डोळ्यांवर तेच कोवळं ऊन पडलं, की मेंदूला वाटतं दिवस सुरू झाला. मग घरी येऊन अंथरुणावर पडला तरी डोळा लागत नाही. अशा माणसाने घरी जाताना गडद गॉगल लावावा, खोलीच्या खिडकीला जाड चादर टांगावी आणि ऊन उठल्यानंतर घ्यावं. हे सांगायला पैसे लागत नाहीत. दुचाकी चालवताना डुलकी येत असेल तर मात्र गॉगलपेक्षा घरापर्यंत सोडणारी बस जास्त कामाची.

पाळ्या कोणत्या क्रमाने फिरवायच्या यालाही शास्त्र आहे. घड्याळ चोवीस तासांपेक्षा लांब असल्याने झोपेची वेळ पुढे ढकलणं सोपं, मागे ओढणं कठीण. म्हणून सकाळ, मग दुपार, मग रात्र हा क्रम शरीराला मानवतो. उलटा क्रम छळतो. झाइस्लर यांनी अमेरिकेतल्या युटामध्ये, मिठाच्या सरोवराकाठच्या एका खनिज कारखान्यात हे प्रत्यक्ष करून दाखवलं. पाळ्यांची दिशा बदलली, दर आठवड्याऐवजी तीन आठवड्यांनी पाळी बदलली, आणि कामगारांचं समाधान आणि कारखान्याचं उत्पादन दोन्ही वाढलं. हे १९८२ मध्ये छापून आलं. पाळीचं पत्रक एका कारकुनाच्या पेनाने बदलतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीला ‘बहुधा कर्करोगकारक’ या यादीत ठेवलं आहे, हे लक्षात घेतलं तर ते पेन उचलायला एवढा उशीर का, असा प्रश्न पडतो.

आता मळ्याकडे.

कृषिपंपांना तीन फेजची वीज वर्षानुवर्षं आळीपाळीने मिळत आली आहे: काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. ठिबक आली तरी मोटार सुरू झाली का, व्होल्टेज उतरलं का, फिल्टर तुंबला का, हे बघायला कुणीतरी जावंच लागतं. रात्री साप, रानडुक्कर, यावल-रावेरच्या पट्ट्यात बिबट्या, यांची भीती वर्तमानपत्रांत येते. झोपेचा हिशेब येत नाही. शरीर नव्या वेळेशी जुळवून घेतं ते दिवसाला साधारण तासाभराने. म्हणजे चार दिवस रात्रीची लाइट आणि मग पुन्हा दिवसाची, या चक्रात शेतकऱ्याचं घड्याळ कधीच जाग्यावर येत नाही. कारखान्यात याला फिरती पाळी म्हणतात. तिथे निदान पत्रक असतं, साप्ताहिक सुटी असते, भत्ता असतो. शेतकरी हा बिनपगारी, बिनहजेरीचा पाळी कामगार आहे आणि त्याची घरवाली त्याची दुसरी पाळी: तो रात्री बाराला निघतो तेव्हा ती उठते, आणि तो परत येऊन झोपतो तेव्हा तिचा दिवस सुरू झालेला असतो.

म्हणून २०१७ मध्ये सुरू झालेली आणि २०२३ मध्ये मोठ्या प्रमाणावर पुन्हा हाती घेतलेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना ही खरं तर महाराष्ट्रातली सगळ्यांत मोठी झोपेची योजना आहे. ती ऊर्जा खात्याची. तिच्या जाहिरातीत मेगावॅट असतात, एकरी भाडं असतं, अनुदान वाचल्याचे आकडे असतात. ज्या फीडरवर सौर वीज आली तिथल्या शेतकऱ्याला दिवसा पाणी भरता येतं, म्हणजे तो रात्री घरी असतो. आरोग्य खात्याने या फीडरवरच्या गावांत रक्तदाब आणि साखर तपासून आधीचं-नंतरचं मांडलं, तर या योजनेच्या बाजूने ऊर्जा खात्यालाही माहीत नसलेला पुरावा हाती लागू शकतो.

उन्हाळ्याबद्दल न बोलता खानदेशातल्या झोपेबद्दल बोलता येत नाही. झोप लागायची तर शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि भिंती मध्यरात्रीपर्यंत धगधगत असतात. जुन्या घरांचं मातीचं धाबं यावर तोडगा होतं: संध्याकाळी पाणी शिंपडायचं, बाज टाकायची आणि आभाळाखाली झोपायचं. सूर्य उगवला की कुणी उठवायची गरजच नाही. स्लॅबच्या घरांनी हे धाबं काढून घेतलं आणि त्या जागी कूलर दिला, ज्याला पाणीही लागतं आणि वीजही. मार्च २०२५ मध्ये शिक्षण विभागाने उन्हामुळे राज्यभर शाळा सकाळी सातला भरवायला सांगितल्या, तेव्हा उन्हापासून मुलं वाचली हे खरं. पण जी मुलं रात्री एकपर्यंत घामाघूम कूस बदलत होती ती पहाटे साडेपाचला उठली.

चेन्नईतला एक अभ्यास इथे नेमका लागू पडतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात ४५२ कष्टकरी लोकांच्या झोपेची यंत्राने नोंद ठेवली. ते आठ तास अंथरुणात असत, झोप मात्र जेमतेम साडेपाच तास. बाकी वेळ उकाडा, डास, आवाज. त्यांना डोळ्यांवरची पट्टी, कानातले बोळे, पंखा, सल्ला असं सगळं दिलं. झोप सरासरी २७ मिनिटांनी वाढली आणि कामावर, कमाईवर त्याचा काहीच परिणाम दिसला नाही. पण दुपारी कामाच्या जागी अर्धा तास शांत झोपू दिलं, तेव्हा काम सुधारलं, मनही बरं राहिलं. चरकाने एरवी दिवसाची झोप वर्ज्य सांगून ग्रीष्मात तिला मोकळीक दिली, ती याच अनुभवातून आली असणार. खानदेशात दुपारी एक ते चार दुकानं अर्धी बंद असतात, त्याला हिणवण्याचं कारण नाही. ज्याला ती अर्ध्या तासाची डुलकी मिळत नाही तो बहुधा मापाडी, हमाल किंवा उन्हात डांबर टाकणारा मजूर असतो.

गावाच्या हातातलंही काही आहे. चौकातल्या हायमास्टचा निळसर पांढरा झोत समोरच्या घराच्या खिडकीतून थेट उशीवर पडतो. दिवा खाली वळवणं, त्याला टोपण घालणं आणि पुढच्या वेळी पिवळसर दिवा मागवणं, एवढंच नगर परिषदेला करायचं आहे. लग्नसराईत डीजे रात्री दहानंतर वाजवता येत नाही हा नियम २००० सालापासून आहे. तो पाळायचा की नाही, हे इथे अजून वरपक्षाच्या हौसेवर आणि गावातल्या ओळखीपाळखीवर ठरतं. सकाळी निर्माणीत जाणारा आणि सकाळी निर्माणीतून आलेला, दोघेही त्याच हळदीच्या रात्री कानावर उशी दाबून पडलेले असतात.

एकट्या माणसाने करायचं ते फार थोडं आणि फुकट आहे. दिवसपाळीवाल्याने उठल्यावर तासाभरात अर्धा तास उघड्यावर काढावा. चहा ओट्यावर घ्यावा, पेपर अंगणात वाचावा. मोबाइलचा बाऊ थोडा कमी केला तरी चालेल: स्वीडनमध्ये उप्सालाच्या २०१६ च्या एका छोट्या प्रयोगात, दिवसभर भरपूर उजेडात राहिलेल्या लोकांच्या मेलाटोनिनवर रात्री टॅबलेटवर वाचल्याचा परिणाम दिसला नाही. उठण्याची वेळ रविवारीही तीच ठेवावी. घोरताना श्वास अडकत असेल, किंवा महिनोन्महिने झोपच लागत नसेल, तर मात्र ऊन पुरत नाही, डॉक्टर गाठावा.

सौर फीडर यायला ज्या गावांना अजून वेळ आहे, तिथे महावितरणला तोवर एक करता येईल. रात्रीच्या विजेच्या पाळ्या सारख्या न बदलता लांब ठेवायच्या आणि महिन्याचं वेळापत्रक आधीच ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायचं. मग निदान कोणत्या दुपारी मुलांना अंगणात दंगा करू द्यायचा नाही, हे घरातल्या बाईला ठरवता येईल.